नावं संपेपर्यंत

‘हाऊ बी तोच शे.’

हातातला स्क्रूड्रायव्हर टीव्हीकडे रोखून नाना म्हणायचे. हाही तोच आहे. दुपारी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर हिंदीत डब केलेले रोबोटचे सिनेमे लागायचे. नाना आवाज बंद ठेवून ते बघायचे आणि रागवायचे. सिनेमावर रागावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण पंख्याचं वाइंडिंग करता करता, रोज, त्याच सिनेमावर तितकंच मनापासून रागावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी भडगावजवळच्या खेड्यातून धुळ्याला कॉलेजात आले. देवपुरात खोली घेतली. एप्रिलमध्ये टेबलफॅन बंद पडला, तो घेऊन नानांच्या टपरीत गेले. पंखा, मिक्सर, इस्त्री, काहीही दुरुस्त करायचे. त्याआधी बरीच वर्षं ते शहरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. आधी रिळं गेली, मग टॉकीजही गेली.

‘आवाज का बंद ठेवता, नाना?’

‘आवाजनी काय गरज? आते तो पोऱ्या रडी. मंग रोबोट तेना डोकावर हात ठेवी.’

पोरगा रडला. रोबोटने डोक्यावर हात ठेवला.

तुम्हाला माहीत असेल, असल्या सिनेमांच्या दोन मोठ्या मालिका होत्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या. नाना एकीला निळी म्हणायचे, दुसरीला तांबडी. मुख्य रोबोटच्या रंगावरून. आमच्या वर्गातली मुलं यावरून मोबाइलवर भांडायची. निळीवाले म्हणायचे तांबडीने चोरलं, तांबडीवाले म्हणायचे निळीने. नानांना दोघांचाही राग यायचा, कारण त्यांनी दोन्ही मालिका दिवसाला चार खेळ, अशा आठवडेच्या आठवडे चालवल्या होत्या. दोन्हींत शास्त्रज्ञाची बायको आधीच वारलेली असते. दोन्हींत रोबोटचा डावाच हात तुटतो, तोही इंटरव्हलनंतरच्या पहिल्याच रिळात. पूल पडतो. शेवटी रोबोट माणसांसाठी स्वतःला बंद करून घेतो, डोळ्यातला दिवा विझतो, आणि लोक डोळे पुसून उठले की तो दिवा पुन्हा पेटतो. पुढच्या भागासाठी.

हिंदीत आवाज देणारा माणूससुद्धा एकच होता म्हणे. निळीतला दुष्ट आणि तांबडीतला नायक.

‘सकाळमा जग बुडावस, संध्याकाळले वाचाडस,’ नाना म्हणायचे. ‘आनि तेनं नाव कोठेच नही.’

खरा राग तो होता. सारखेपणाचा नव्हता.

‘नक्कल कर. नक्कल कोन नही करस? पन सांग ना भो, कोनपाईन लिधं.’ कोणाकडून घेतलंस, तेवढं सांग.

एकदा दोन टॉकीजमध्ये या दोन मालिकांचे सिनेमे एकाच आठवड्यात लागले होते. रिळांच्या पेट्या एकाच गाडीने आल्या आणि नानांकडच्या निळीच्या पेटीत तांबडीचं एक रीळ आलं. नानांनी न बघता लावलं. मारामारीचं रीळ, नुसता धूर, प्रिंट जुनी, रंग उडालेले. थिएटरात एकालाही कळलं नाही. उलट शिट्ट्या वाजल्या. लोकांना वाटलं, नवा रोबोट आला. नानांनी मात्र मशीन थांबवलं, केबिनच्या झरोक्यातून डोकं काढून ओरडून सांगितलं, चुकीचं रीळ आहे, माझी चूक आहे. त्यावर अर्ध्या लोकांनी शिव्या घातल्या. मालक धावत वर आला.

‘कोणाला कळलं नव्हतं, तर तुला काय पडलं होतं?’

‘माले समजनं व्हतं ना.’

हे सांगताना नाना हसायचे नाहीत. मी हसले, तर माझ्याकडे बघत राहिले.

आणखी एक. सिनेमा संपल्यावर पडद्यावर जी नावं वर सरकतात ती कोणीच बघत नाही. मालक खालून बेल मारायचा, बंद कर. नाना बंद करायचे नाहीत. डोअरकीपरला त्यांनी बजावून ठेवलं होतं, शेवटचं नाव गेल्याशिवाय दार उघडायचं नाही. टीव्हीवर ती नावं कोपऱ्यात दाबून जाहिरात सुरू झाली की हातातलं फडकं नेम धरून टीव्हीवर जायचं.

‘तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?’ मी एकदा विचारलं.

‘नही.’

‘मग?’

‘मनं नाव थोडंच शे तेम्हा. पन कोनंतरी शे ना.’ माझं नाही, पण कोणाचं तरी आहे ना त्यात.

त्या वर्षी कॉलेजात विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं. मी विषय घेतला, दोन रोबोट-चित्रपटमालिकांतील साम्य. पुस्तक कुठलंच नव्हतं. तीन आठवडे मी टपरीतल्या उलट्या बादलीवर बसून लिहून घेतलं. नानांनी जुनी वही काढली. कुठल्या रिळात काय होतं, सगळं त्यात. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, ‘थांब रे भो, पोरगीनं काम चालू शे.’

‘नाना, पहिल्याच वाक्यात तुमचं नाव घेणार मी. स्टेजवरून.’

ते स्क्रू पिळत राहिले. मग म्हणाले, ‘पुरं नाव लिख. बापनं बी.’ आणि मी नीट लिहिलंय का ते माझ्या वहीत वाकून पाहिलं.

चर्चासत्राचं काम बघणाऱ्या सरांनी निबंध वाचला. चांगला आहे म्हणाले. मग पहिल्या वाक्यातल्या नावाशी थांबले.

‘हे कोण?’

‘पंखे दुरुस्त करतात, सर. आधी ऑपरेटर होते.’

‘अगं, संदर्भ म्हणून पंखेवाला? बाहेरचे परीक्षक आहेत, हसं होईल. माझी निरीक्षणं असं म्हण. कोणाला कळणार आहे?’ लाल पेनाने त्यांनी नावावर रेघ मारली. वडिलांच्या नावासकट.

मी वाद घातला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ‘हो सर’ म्हणाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी माइकसमोर उभं राहिलं नव्हतं, मी घाबरले होते. हे खरं आहे, आणि त्याने काहीही फरक पडत नाही. सरांचा मला आजही राग येतो. माझा त्याहून जास्त येतो, कारण सरांनी नानांना काही कबूल केलं नव्हतं.

नाना आले होते. टपरी बंद करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत. मी वाचायला सुरुवात केली, ‘माझ्या निरीक्षणानुसार.’ डावा हात, पूल, विझणारा दिवा, सगळं वाचलं. रिळाच्या गोष्टीला सभागृह हसलं. नाना शेवटच्या वाक्यापर्यंत बसून राहिले. कदाचित त्यांना वाटलं असेल, नावं शेवटी येतात.

मला पहिलं बक्षीस मिळालं. मी ते घेऊन गेटपर्यंत पळत गेले.

‘नाना, सर म्हणाले की...’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत, टीव्हीला म्हणायचे तसं म्हणाले, ‘हाई बी तीच शे.’

ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढे निबंध कॉलेजच्या अंकात छापायचं ठरलं. या वेळी मी सरांशी भांडले. सर वैतागून म्हणाले, ‘टाक बाई एक ओळ तुझ्या त्या नानांची.’ मी तशीच टपरीवर गेले.

‘नाना, नाव छापून येणार. पूर्ण.’

‘नको.’

‘का?’

त्यांनी इस्त्रीची वायर सोलली, तार पिळली, टेप लावली.

‘तवय माले पाहिजे व्हतं,’ ते म्हणाले. ‘आते तुले पाहिजे.’

निबंध मी परत घेतला. आणि तुम्ही आतापर्यंत विचार करत असाल, या माणसाचं नाव ही का सांगत नाही, तर म्हणून. मला ते पाठ आहे. वडिलांच्या नावासकट. सांगायचा हक्क मी घालवला.

दिवाळीच्या सुट्टीवरून परत आले तेव्हा टपरीच्या जागी रसवंतीचं सामान पडलं होतं. नाना मुलीकडे सुरतला गेले, एवढंच शेजारच्या सायकलवाल्याला माहीत होतं.

गेल्या महिन्यात एका परीक्षेसाठी जळगावला गेले होते. पेपर सुटल्यावर वेळ होता. निळीचा नवा भाग लागला होता, दुपारचा खेळ. डावा हात इंटरव्हलनंतर तुटला. दिवा विझला, पेटला. लोक उठले. पडद्यावर नावं सरकू लागली आणि लगेच आतले दिवे लागले. प्रकाशात नावं फिकट झाली, तरी मी डोळे ताणून वाचत बसले.

झाडू घेऊन एक मावशी रांगेतून आल्या. माझ्यापाशी थांबल्या.

‘संपला ना सिनेमा, ताई.’

‘नावं राहिलीत.’

त्यांनी झाडूवर हात टेकून पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘तुमचं कोणी आहे का त्यात?’

‘नाही,’ मी म्हणाले.