उबेचा कप्पा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी उंदीरच सांभाळले. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, सुई टोचायची. वहीतला आकडा कधी चुकायचा नाही. त्यांच्या हातांच्या जिवावर प्रयोगशाळेच्या साहेबांचं नाव झालं. हातांची नावं कोण छापतो?

नाव झालं ते एका औषधामुळे. पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे उंदीर ते टोचल्यावर फिरत्या दांडीवर दुप्पट वेळ टिकत. मामांच्या बायकोला तोच आजार होता. माणसांवरच्या चाचणीच्या यादीत तिचं नाव लागलं, त्या दिवशी मामा भुशाच्या खोलीत दार लावून रडले.

मग दूरच्या दोन प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला. उंदीर ढिम्म हलेनात. "आपल्यावर जळतात मेले," मामा म्हणाले. एकाला साधलं ते दुसऱ्यालाही साधावं, त्याशिवाय ते खरं धरत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण यादीत बायको होती.

त्यांतल्या एका प्रयोगशाळेतली संशोधक बाई स्वतः आली. भांडली नाही. "मामा, रोज करता तस्संच करा. मी नुसती बघते."

अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. औषध झोंबायचं, ते उंदीर चिरकायचे. मामांनी सवयीने त्यांचे पिंजरे उचलून गरम पाण्याच्या पाइपाशेजारच्या कप्प्यात सरकवले.

"हे वहीत नाही," बाई म्हणाली.

"त्यात काय लिहायचं? झोंबतं बिचाऱ्यांना. जरा ऊब मिळते."

बाईने नवे उंदीर घेतले आणि सगळेच पिंजरे त्या कप्प्यात ठेवायला लावले. दुपारी ती जेवायला गेली. मिठाच्या पाण्याचे पिंजरे तेवढे गार कोपऱ्यात ठेवायला दोन मिनिटं पुरली असती. मामांनी एका पिंजऱ्याला हात घातला, आणि मागे घेतला.

आठवड्याने सगळे उंदीर दांडीवर सारखेच टिकले.

घरी बायको पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली होती. "कधी बोलावलंय?"

"नाही बोलावणार. औषधात काही नव्हतं."

"मग उंदीर कशाने चालले?"

"उबेने. आखडलेले पाय जरा मोकळे होतात, एवढंच."

ती पिशवीकडे बघत राहिली. "तुम्ही तर मला तीन वर्षं शेकताय," ती म्हणाली.

पिशवी गार होत आली होती. मामा पाणी तापवायला उठले.