गरम चंबूतला खडा

बाथरूममध्ये ॲसिड ओतलं, की मला निपाणीतल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. तिथले शिपाई आप्पा फुटक्या कपबशा हातोडीनं ठेचून द्रावण तापवण्याआधी काचेच्या चंबूत टाकायला त्यांचे खडे बरणीत भरून ठेवायचे आणि प्रत्येकाला बजावायचे, ‘आधी दोन खडे, मग बत्ती. न्हायतर उकळी अंगावर येती.’ मला हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणूनच बहुधा मी खडे टाकायला विसरलो. चंबूतलं द्रावण चांगलं तापलं तरी शहाण्यासारखं गप्प बसलेलं, तेव्हा मला आठवण झाली आणि मी तशाच गरम चंबूत खडा सोडायला गेलो. ‘आरं, थांब रं!’ म्हणत आप्पांनी मला बाजूला ढकललं, पण खडा सुटलाच होता. फस्सकन सगळं उसळलं, थोडं छताला जाऊन लागलं आणि उरलेलं त्यांच्या मनगटावर आलं. सर धावत आले. ‘कुणी टाकला खडा? त्याला परीक्षेला बसू देणार नाही!’ एरवी माझं तोंड कधी बंद नसायचं. त्या दिवशी मी पाठमोरा होऊन बत्ती विझवत बसलो. नळाखाली हात धरून आप्पाच म्हणाले, ‘माझ्याच हातनं पडला, सर.’ ‘इतकी वर्षं इथं काय शिकलात?’ सर सगळ्या पोरापोरींसमोर कडाडले, आणि आप्पा मान खाली घालून उभे राहिले. मी परीक्षेला बसलो, पासही झालो. आप्पांची माफी मागायची तेवढी राहिली. घरात हा किस्सा मी अनेकदा रंगवून सांगितलाय. छतावरच्या डागापाशी पोरं खो-खो हसतात, आणि मी गोष्ट तिथंच संपवतो.