आमच्या वावरातली पऱ्हाटी

धुळ्याबाहेरच्या एका कारखान्याला मी पऱ्हाटी गोळा करून देतो. कापूस वेचून संपला की वावरात कपाशीची वाळकी झाडं उभी राहतात, ती पऱ्हाटी. यंत्रात तिचा भुसा करतात, भुसा दाबून मनगटाएवढे गट्टू काढतात. त्याला म्हणायचं पांढरा कोळसा, असतो तपकिरी. बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी जळतो. गावोगावच्या बैठकांत मी सांगायचो, तुम्ही ज्याला कचरा समजता त्यातून ऊर्जा तयार होते. लोक माना डोलवायचे.

शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात तो कचरा नव्हता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. जी बाई हंगामभर कापूस वेचेल तिनेच शेवटी पऱ्हाटी उपटायची आणि घरी न्यायची, अशी रीत. मालकाचं वावर मोकळं, बाईचं वर्षाचं सरपण घरात. बांधावर पेटवून देणारेही होते, ते नाकारत नाही. पण ज्यांना उपटायला माणूस मिळत नव्हतं ते पेटवायचे.

आमच्या वावरात हे काम एक अक्का करायची. माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, विधवा, जमीन नाही, घरात एक सून. यंत्र पहिल्यांदा गावात आलं तेव्हा पारावर बायांनी मला घेरलं होतं.

"हाऊ दखा, काड्यासना व्यापारी उना!" एक म्हणाली.

"आते चुलीनी राख बी लई जाशी का रे?" दुसरी.

सगळ्या हसल्या, मीही हसलो. अक्का हसली नाही. तिने मला बाजूला घेतलं. "दुसरासना वावरनं काय ते कर, भाऊ. आबानं वावर तेवढं सोड."

आबा म्हणजे माझे वडील, त्यांचं वावर म्हणजे आमचंच.

"आपलं वावर तुन्हंच शे, अक्का," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

पुढच्या वर्षी आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरी होते. मी यंत्र घेऊन गावी गेलो. ज्या शेतकऱ्याने हो म्हटलं होतं त्याने ऐनवेळी आपली पऱ्हाटी सालदार गड्याला देऊन टाकलेली. ट्रॉली अर्धी रिकामी. कारखान्याच्या मालकाचा फोनवर फोन. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, अर्धीच नेऊ का?" मी हात लांब करून आमचं वावर दाखवलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. अर्धी ट्रॉली नेली असती तर चार शब्द ऐकावे लागले असते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आणि सून पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन आल्या. वावर साफ. अक्काने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलंही नव्हतं, आणि माझ्या तोंडातून निघालं, "आबानी सांगं, अक्का. माले त्यासले नही म्हनता येयना."

ती चिमटा खांद्यावर टाकून परत गेली.

आबा गावी गेले, मोकळं वावर पाहिलं आणि मला फोन केला. मी सांगितलं, काड्यांत बोंडअळी राहते, लवकर काढाव्या लागतात. अक्काला दुसरीकडून दिल्या, असंही सांगितलं. ते खूश झाले. "बरं करं," म्हणाले.

अक्काकडे सरकारी योजनेतला गॅस होता, पण रिकामी टाकी चुलीशेजारी ठेवून त्यावर पाण्याची कळशी ठेवलेली असायची. त्या उन्हाळ्यात ती नाल्यातली वेडी बाभूळ तोडायला जाऊ लागली. तळपायात काटा गेला. शुगर होती, तिलाच माहीत नव्हतं. काटा काढला, हळद भरली, पुन्हा नाल्यात गेली. पाय काळा पडल्यावर धुळ्याला नेलं. घोट्याच्या वरून काढावा लागला.

आबा तिला बघायला जायचे. एकदा परत येऊन म्हणाले, "अक्का मन्हासंगे बोलत नही रे. मन्हंच काही चुकनं व्हई." मी तेव्हा त्यांच्यासमोर जेवत होतो. मी जेवत राहिलो.

आबा गेले. सगळी गल्ली आली. अक्काच्या घरून कुणी आलं नाही. लोक कुजबुजले, एवढं काय वाकडं होतं? मी खांदा दिला आणि गप्प राहिलो. आता बोलून कुणाचा पाय येणार आहे, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे भीती वाटत होती.

आबांचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी मी तिच्याकडे गेलो. ती दारात बसून तुरी निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती ओरडेल, सूप फेकून मारेल असं वाटत होतं. तशी तयारी करून गेलो होतो.

तिने एवढंच विचारलं, "आबाले ठाऊक व्हतं?"

"नही."

 मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा येत व्हतात ना रे. आठेच उभा ऱ्हात. मी तोंड फिराई लिधं." आणि थांबून, "एक दिन उनमा चालीसन येल व्हतात. पानी मांगं. मी दिन्हं नही."

मी म्हणालो, "चूक मन्ही शे, अक्का. तुन्ही नही."

"पानी मी नही दिन्हं," ती म्हणाली. "तू व्हता का तठे?"

 तिचे हात सुपात तसेच थांबले होते. मी खाली बसायला गेलो तर तिने हाताने अडवलं.

"तुन्हं सांगीसन व्हयनं ना? मंग जाय आते."

मी चपला घातल्या. आतून सून विचारत होती, कोण आलं होतं. अक्का पुन्हा तुरी निवडू लागली.