मावळतीकडची खिडकी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना कुकरचं झाकण कसं बसवायचं ते दाखवत होतो. बेळगावच्या खडेबाजारातलं आमचं भांड्यांचं दुकान, दुपारची वेळ, गिऱ्हाईक जेमतेम. फोन निपाणीहून, खुद्द आक्काचा. आक्का दुपारी कधी फोन करत नाही, त्यामुळं नाव बघूनच मी हातातलं झाकण खाली ठेवलं. ती हळू आवाजात म्हणाली, "शांत्या, जेवून खोलीत पडलेत ते उठंनात... तू ये." खोली म्हणजे घरातली खोली नव्हे, हे मला सांगावं लागलं नाही. आमच्या आक्काच्या तोंडी खोली म्हणजे दाजींनी स्वतःच्या हातानं बनवलेलं, जीपच्या मागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर. दाजी त्याला ट्रॉली म्हणायचे, गल्लीतली माणसं डबा म्हणायची, आणि अशा गाडीला कॅम्पर ट्रेलर म्हणतात हे आम्हाला फार नंतर भाच्यानं सांगितलं. वर्कशॉपच्या आवारात लिंबाच्या सावलीत ती उभी असायची आणि दुपारी जेवून दाजी तिच्यात तासभर आडवे व्हायचे. त्या दिवशी आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसावा. दाजींचा चेहरा बघून मला ते पटलं.

भूपालदाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, पद्माक्काचे यजमान. निपाणीत हायवेला लागून त्यांचं वर्कशॉप. उसाच्या ट्रॉल्या बनवायचं काम. आमच्या भागात कारखान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रॉल्या बघितल्या तर त्यातली एखादी तरी दाजींच्या हातची निघायची, आणि जीपमधून जाताना ते ती बोट करून दाखवायचे. माणूस मोठा हौशी, खाण्याचा शौकीन. आमची घरं जैन, पण नियमधर्माच्या बाबतीत दाजींचा कारभार ढिलाच. मालासाठी ते बेळगावात, उद्यमबागच्या कारखान्यांकडं आले की संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि दिवे लागले की आम्ही दोघं गुपचूप कांदाभजी खायला बाहेर पडायचो. गुपचूप म्हणजे आमच्या मते. आक्काला सगळं माहीत असायचं. "मिशी पुसून यायची तरी," एवढंच ती म्हणायची आणि दाजी मिशीवर हात फिरवत माझ्याकडं असे बघायचे की जणू ती भजी मीच त्यांच्या तोंडात कोंबली होती. माझं नाव शांतिनाथ असलं तरी शांती माझ्या वाट्याला नावापुरतीच आली आहे. मी तिथल्या तिथं चिडायचो आणि दाजींना तेच हवं असायचं.

आक्काचं मात्र सगळं काटेकोर. लग्नाआधीच तिनं मुनिमहाराजांसमोर नियम घेतलेला. दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, आणि पाणी प्यायचं ते स्वतः गाळलेलं. बाहेरचं शिजवलेलं काही चालायचं नाही. त्यामुळं हॉटेल नाही, लॉज नाही, पाहुण्यांच्या घरी मुक्काम नाही. ती बाहेर राहिली ती फक्त तीर्थक्षेत्राला, धर्मशाळेत, जिथं आपली चूल आपण मांडता येते. देव नाही अशा ठिकाणी आक्का एक रात्रसुद्धा राहिली नव्हती. आणि तिला हौस होती समुद्राची. लहानपणी शाळेच्या पुस्तकात समुद्राचं चित्र होतं, तेव्हापासूनची. मला म्हणायची, नुसतं बघून यायचं नाही रं, तिथं झोपायचं, त्यो आवाज ऐकत.

एकदा नात्यातल्या लग्नाला आम्ही सगळे सावंतवाडीला गेलो होतो. तिथून वेंगुर्ला किती लांब? दुपारच्या उन्हात आक्काला समुद्र दाखवला. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, पदर खोचून, हसत. पण दिवस बुडायच्या आत घर गाठायचं म्हणजे निघायलाच हवं होतं, तेव्हा पायांची वाळूसुद्धा नीट न झटकता ती जीपमध्ये बसली. घाट चढेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती, आणि दाजी आरशातून तिच्याकडं. ते एरवी गाडी चालवताना अखंड बोलणारे, त्या दिवशी निपाणी येईपर्यंत गप्प होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, मुलानं वर्कशॉप सांभाळायला घेतल्यावर कळलं.

एक दिवस ते दुकानात आले आणि स्टीलची भांडी मागितली. एकात एक बसणारी, कमी जागेत मावणारी. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बहिणीचं सैपाकघर उचलून न्यायचं हाय. समुद्राला." मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. पण निपाणीला जाऊन बघतो तर आवारात सांगाडा उभा. आत दोघांपुरती बाकडी, मध्ये घडीचं टेबल, गॅसची शेगडी, पाण्याच्या टाकीला नळ आणि नळाला आक्काच्या हातचं शिवलेलं गाळणं. झोपायला बाकडी जोडून त्यावर गाद्या. एका बाजूला मोठी खिडकी. त्या खिडकीवर दाजींचा फार जीव. ती मावळतीकडं ठेवायची, म्हणजे आक्काला बसल्या जागी सूर्य दिसेल आणि जेवताना घाई होणार नाही, असं ते येईल त्याला सांगत होते. मी सरळ म्हणालो की हा निव्वळ वेडेपणा आहे, या वयात माणसं दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी माझ्या हातात पत्र्याचं दुसरं टोक दिलं आणि धर म्हणाले. मी धरलं. पुढचे कितीतरी रविवार मी असा काहीतरी धरूनच उभा होतो.

चूक झाली ती दाजींच्या हाताच्या सवयीनं. जन्मभर उसाच्या ट्रॉल्या बनवलेला माणूस. त्यानं सांगाड्याला लोखंडी चॅनेल घेतले ते तसलेच, आस घेतला तो तसलाच, पत्रा तर बुलडोझरनंही वाकला नसता. दोन माणसं, चार भांडी आणि दोन गाद्यांसाठी त्यांनी दहा टन ऊस पेलेल असं घर बनवलं होतं. आणि आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण आमच्या डोळ्यांना ट्रॉली म्हटली की ती तशीच दिसायची! पहिल्या सहलीला मोठ्या थाटात नारळ फोडून निघालो. आक्का आणि दाजी पुढं, मी मागं. गडहिंग्लजच्या पुढं पहिला बऱ्यापैकी चढ लागला आणि जीपनं मान टाकली. क्लचचा जळका वास सुटला. गाडी थांबव, जरा निववू दे, पुन्हा चालव, असं करता करता ऊन उतरायला लागलं. समुद्र राहिला कुठल्या कुठं, आक्काच्या जेवणाची वेळ जवळ येत होती. जवळपास सपाट जागा एकच दिसली, एका साखर कारखान्याचं आवार. दाजींनी गाडी आत घातली, तर वॉचमननं आम्हाला उसाच्या रांगेत उभं केलं आणि ऊस कुठाय म्हणून विचारलं. मी डोक्याला हात लावला. दाजी खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "ऊस न्हाय. बायकू हाय. तिला जेवायचं हाय."

त्या आवारात, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी, मळीच्या वासात आक्कानं पिठलं-भाकरी केली. ट्रॅक्टरवाले खाली उतरून कौतुकानं बघत होते. एकानं दाजींना ट्रॉलीची बांधणी चांगली आहे म्हणून शाबासकी दिली आणि मला हसू आवरेना. आक्काची देवाविना घराबाहेरची पहिली रात्र अशी साखर कारखान्यात गेली. सकाळी मी जीपमधून आखडलेल्या मानेनं उठलो तेव्हा ती पायरीवर चहा घेत बसली होती. मला वाटलं रडेल, समुद्र राहिला म्हणून. तर म्हणाली, झोप लई ब्येस लागली रं, यांचं घोरणंसुद्धा ऐकू आलं न्हाय. मग आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

दाजींनी ते सगळं कापलं. मोठ्या हौसेनं जोडलेलं स्वतःच्या हातानं गॅसकटरनं कापलं आणि बेळगावजवळच्या मच्छेहून अॅल्युमिनियमचे हलके पत्रे आणून पहिल्यापासून सुरुवात केली. खिडकी तेवढी जुनीच ठेवली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही आंबोलीचा घाट उतरलो, सावकाश, मागं लागलेल्या गाड्यांच्या शिव्या खात. किनाऱ्यावर एका माडाच्या बागेत मालकानं जागा दिली. दाजींनी ट्रॉली पुढं-मागं करून खिडकी बरोबर मावळतीकडं आणली. मागं घेताना आक्का पाठीमागं उभी राहून हातानं खुणा करायची. ट्रॉली लागली, खिडकी उघडली आणि भसकन वाळत घातलेल्या मासळीचा वास आत आला! समोरच्या अंगणात कुणीतरी मासळी पसरली होती. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही, आणि इथं हा वास. दाजींचा चेहरा पडला. ते पुन्हा जीपकडं निघाले तर आक्कानं पदर नाकाला लावला आणि आतूनच म्हणाली, "आवो, फिरवू नका आता. समुद्र दिसतोय."

तिथं आम्ही तीन दिवस राहिलो. आक्का पहाटे उठून वाळूत चालायची, दुपारी शिंपले गोळा न करता नुसते बघायची, कारण त्यात जीव असला तर? मला ती इतकी आनंदात कधी दिसली नव्हती, आणि तिला तसं बघून मलाही खूप बरं वाटलं. त्यानंतर दरवर्षी पावसाळा सरला की त्यांची ट्रॉली बाहेर पडायची. कधी समुद्र, कधी एखाद्या धरणाचा काठ, कधी नुसतं ओळखीच्या माणसाचं शेत. ऊन कललं की असेल तिथं गाडी थांबवायची. एकदा तर पोलीस चौकीसमोर थांबले होते. हवालदाराला आक्कानं भाकरी वाढली, मग त्यानं सकाळपर्यंत राखण केली. मी जमेल तेव्हा जायचो. आत जागा दोघांचीच, त्यामुळं मी ताट घेऊन बाहेर पायरीवर. परत आले की दाजी दुकानात बसून सूर्यास्ताची वर्णनं करायचे. आज तांबडा झालता, काल केशरी झालता, ढग असले तरी कडा सोन्याच्या झालत्या. मी म्हणायचो, दाजी, सूर्य बेळगावातही मावळतो.

या सगळ्यात माझं एक नुकसान झालं, माझा भज्यांचा सोबती गेला. दाजी संध्याकाळी दुकानात यायचे खरे, पण ऊन कललं की उठायचे. म्हणजे सहलीत सोडाच, एरवीही ते दिवस बुडायच्या आत जेवायला लागले. मी चिडवलं, म्हातारपणी धर्म आठवला का म्हणून. ते चपला पायात सरकवत म्हणाले, "धर्म कसला रं. ती उजेडात जेवून बसायची आन् मी रात्री वर्कशॉपातनं येऊन एकटा जेवायचो. जलम गेला असा. ट्रॉलीत पहिल्यांदा तिच्यासमोर बसून जेवलो. ग्वाड लागतंय." एवढी वर्षं मी त्यांच्या घरी जातोय, पण संध्याकाळी त्या दोघांची ताटं कधी एकत्र मांडलेली नसतात, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

दाजी गेल्यावर भाच्यानं, महावीरनं, ट्रॉली आवाराच्या कोपऱ्यात ढकलून ताडपत्री टाकली. वडील जिथं गेले ती जागा रोज डोळ्यांसमोर नको, असं त्याला वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. गोव्याकडचा कुणी ती विकत घ्यायला तयार होता. महावीरनं मला फोन केला, मामा, तुम्हीच आईला विचारा, मला धीर होत नाही. मी गेल्या रविवारी निपाणीला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. आक्का आवारातच उभी होती, ट्रॉलीपाशी, ताडपत्री काढून घडी घालत. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझ्या हातात जीपची चावी दिली. म्हणाली, पोरांनी ही उलटी लावली, खिडकी भिंतीला आली. सरळ करून दे.

मला मागं ट्रॉली लावून गाडी चालवता येत नाही. पुढं जमतं, मागं घेताना ती भलतीकडंच जाते. मी घामाघूम झालो, स्वतःवरच ओरडायला लागलो. आक्का मागं उभी राहिली आणि हात वर केला. "उजवीकडं फिरव. उजवीकडं रं. म्हंजे ती डावीकडं येतीया." तिनं आयुष्यात स्टेअरिंगला हात लावलेला नाही. पण ट्रॉली मागं घेताना दाजी स्वतःशी जसं बोलायचे तसंच, त्याच सुरात ती सांगत होती, आणि मी ऐकत गेलो. ट्रॉली लिंबाखाली आली, खिडकी मावळतीला. महावीर वर्कशॉपच्या दारातून बघत होता. त्याच्याकडं न बघता आक्का एवढंच म्हणाली, "खोली कुठं जायाची न्हाय. थंडी पडली की शांत्या मला समुद्राला न्हेणार हाय." मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी मान हलवली.

ऊन कललं होतं. आक्कानं आत दोन ताटं वाढली. सवयीनं मी माझं ताट उचलून पायरीकडं निघालो, तर म्हणाली, आत बस. ती शेगडीजवळच्या बाकड्यावर बसली, मी समोरच्या, दाजींच्या. इतक्या वर्षांत त्या बाकड्यावर मी पहिल्यांदाच बसत होतो. बसलो, आणि सूर्य बघायला मान वर केली, तर समोर शेगडी आणि आक्का. खिडकी माझ्या पाठीमागं होती. दाजींच्या जागेवरून ती दिसतच नव्हती. दिसत होता तो आक्काचा चेहरा, आणि माझ्या मागून आलेलं ऊन तिच्या हनुवटीवरून हळूहळू कपाळाकडं चढताना... आधी केशरी, मग तांबडं. सगळे सूर्यास्त दाजींनी कुठं बघितले होते ते मला तेव्हा कळलं. माझा घास हातातच राहिला. आक्कानं माझ्या खांद्यावरून पलीकडं, मावळतीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "जेव रं सावकाश. अजून उजेड हाय."