मामाजींची बदकं

ऋतू कधी बदलायचा हे ठरवण्याचा अधिकार निसर्गाने परस्पर आपल्याकडे सोपवला आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. पळस फुलो, आंबा मोहरो, कॅलेंडर काहीही म्हणो; त्यांच्या गावच्या, चोरखमाऱ्याच्या तलावावर थंडीत मुक्कामाला येणारी बदकं उत्तरेकडे परत निघाल्याशिवाय मामाजींचा वसंत सुरू होत नाही. तोवर घरात पंखा लावायला बंदी. एकदा फुलचूरला आमच्याकडच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, ते भर दुपारी स्वेटर आणि कानटोपी घालून घामाने निथळत बसले होते. कोणी विचारलं की म्हणायचे, "पाखरं हायत अजून." बदकं निघायच्या सुमारास ते रोज तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन पाण्याकडे मूठभर धान उधळायचे, सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरावी तसे. ते धान गावातल्या कोंबड्या खात.

यंदा मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. समोर म्हैस आहे की मोटारसायकल, हे मामाजी आवाजावरून ओळखू लागले. तरी गोंदियाच्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन तारखा त्यांनी बुडवल्या. "पाहुणे घरी अन् यजमान दवाखान्यात, हे कोण्या गावची रीत?" तिसरी तारीख चुकली तर डोळा कायमचा जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मामींनी मला बोलावून घेतलं. "तुमी जावई. तुमचं ते खरं मानतेत," त्या म्हणाल्या. "पाखरं गेले म्हणून सांगा."

मी मामाजींना पाळीवर नेलं. समोर शंभरेक बदकं मजेत डुंबत होती.

"एक नाही, मामाजी," मी म्हणालो.

"मंग हा आवाज कायचा?"

"पाणकोंबड्या."

"न सांगता गेले," ते म्हणाले. "काऊन गेले असतीन असे?" मग त्यांनी मुकाट्याने स्वेटर काढला आणि गाडीत बसले. मागच्या सीटवर बसलेल्या मामींनी पदर तोंडाला लावला. मलाही हसू आवरेना.

ऑपरेशननंतर आठ दिवसांनी, काळा चष्मा लावून, ते मला घेऊन थेट तलावावर आले. तोवर बदकं खरोखरच निघून गेली होती. मामाजींनी चष्मा वर केला.

"साफ दिसून राहिलं, जावईबापू. पार त्या काठावरचा बगळा बी." मग त्यांनी विचारलं, "जाताना गावावरून एक फेरा मारला काय त्यायनं? दरसाल मारतेत."

मला माझीच फार लाज वाटली.

"मारला, मामाजी."

"मारतेतच," ते म्हणाले, आणि उत्तरेकडच्या रिकाम्या आभाळाकडे मान दुखेस्तोवर पाहत राहिले.