गारगोटीचं पीठ

ठाण्याच्या एका धर्मार्थ दवाखान्यात मी डॉक्टरांच्या हाताखाली होतो, तेव्हाची ही गोष्ट. कोपरीपलीकडे खाडीच्या अंगाला काचेचा एक कारखाना निघाला होता. तिथं बायका गारगोट्या कुटून त्यांचं पीठ चाळत. त्यांतली एक, तिशीची, माझ्याकडे आली. धाप एवढी, की गाव सांगतानाही दोनदा थांबली. मी क्षय धरला. अडुळशाचा काढा आणि माशाचं तेल दिलं. महिन्याभरात त्याच कारखान्यातल्या आणखी दोघी तसाच खोकला घेऊन आल्या, तेव्हा मला माझ्या अकलेची लाज वाटली.

मी कारखान्यात गेलो. पीठ उडून वाया जाऊ नये म्हणून छपराला चारी बाजूंनी तट्टे ठोकलेले. आत बायकांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. मुकादम दाराबाहेर नाकाला उपरणं लावून बसला होता.

"खाडीकडचे तट्टे काढा, आणि गारगोट्या भिजवून कुटा," मी म्हटलं.

"ओलं पीठ चाळणीतून पडत नाही. तुम्ही तुमच्या बाटल्या भरा."

"मग तुम्ही नाक का झाकलंय?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं माझ्याकडे आलेल्या तिघींना कामावरून काढलं.

आठवड्यानं ती पहिली बाई आली आणि तेलाची बाटली माझ्या टेबलावर आपटली.

"तुम्हाला तिथं जायला कोणी सांगितलं होतं? पोरींना आता काय घालू?"

"परत तिथं गेलीस तर मरशील."

"घरी बसले तर बरी होईन?"

मी ती बाटली बाजूला सारली. मग म्हणालो, "नाही. छातीत गेलेला दगड माझ्या औषधानं निघणार नाही."

"मग इतके दिवस हे कशाला पाजलंत?"

ती गेली. मुकादमाच्या हातापाया पडून तिनं काम परत मिळवलं आणि शिमग्याआधीच मेली. तिच्या जागेवर तिची जाऊ बसली. रस्त्यात मी दिसलो की ती माझ्याकडे बघून थुंकायची. तिचा मला राग आला नाही.

पुढं काही वर्षांनी मुकादम गुडघे धरले म्हणून दवाखान्यात आला. छाती ठणठणीत होती. मी त्याला लेप दिला, पण बसा म्हटलं नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर तो तासभर उभा होता, आणि मी मुद्दाम बाकीचे सगळे रोगी आधी तपासले.