तुतीचे थर

आमच्या शेतात रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावलेली आहे. पाल्यासाठी झाडं सारखी छाटतो, त्यामुळे त्यांना फळ धरायला सवडच मिळत नाही. पण विहिरीच्या कडेची काही झाडं छाटायची राहून गेली आणि ती माणसापेक्षा उंच झाली. ऊन तापायला लागलं की त्यांच्यावर काळीभोर फळं लटकतात. पोरं तोंडं जांभळी करून घरी येतात, बाकीची फळं मुंग्या नेतात. लुगड्याला डाग पडतात म्हणून मी तिकडून जायचं टाळायची. त्या फळांचं काही करता येतं, हे मला सुनेनं दाखवलं.

सून हिंगोली शहरातली. आमच्या घरी तिचा हा पहिलाच उन्हाळा. पोरगी हसरी आहे, कामाला मागे सरत नाही, पण भाकरी तिला ऐकत नाही. परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे होतात. माझा लेक ते तुकडे गुमान खातो. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं. पण उन्हाळ्यात माझ्या नणंदा माहेरी येतात, आणि थोरल्या नणंदेच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांना पुसेगावात दिलंय. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो.

आक्का आल्या त्याच दिवशी त्यांनी भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचललं आणि एक तुकडा वर धरला.

"हे काय? कुत्र्याचं काढून ठेवलं का?"

"शिकून राहिली ती," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल की. तुझं तुलाच ऐकू आलं ते."

खरंच होतं. माझा आवाज लहानपणापासून असाच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यात कधी उभं राहून कविता म्हटलेली आठवत नाही. चार माणसं जमली की जीभ टाळ्याला चिकटते. लिहायला मात्र बरं वाटतं, कारण कागद तोंडाकडे बघत नाही.

आक्कांनी लगेच जाहीर केलं. रविवारी सगळी भावकी जेवायला येणार होती. बाकीचा सैपाक नणंदा-भावजया मिळून करतील, गोडाचं मात्र सुनेनं एकटीनं करायचं. "बघू तर, शहरात काय शिकवलं!"

सुनेचा चेहरा उतरला. आमच्याकडे पंगतीत बिघडलेलं गोड माणसाला जन्मभर चिकटतं. माझ्या एका चुलत जावेची खीर तरुणपणी करपली होती. आता तिला नातवंडं झाली, तरी लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "खीर कोण हलवून राहिलं? ही न्हाई ना?" ती हसते, पण तिथून उठून जाते. माझ्या सुनेला सुरुवातीलाच असलं काही चिकटायला नको होतं.

दुपारी मी गहू पाखडत होते तिथे ती येऊन बसली.

"मम्मी, मला चुलीवरचं गोड काहीच येत नाही. एकच येतं. त्याला चूल लागत नाही. कॉलेजात आम्ही मैत्रिणी करायचो. खाली बिस्किटं, वर चक्का, त्यावर स्ट्रॉबेरी, असे थर लावायचे."

"स्ट्रॉबेरी इथं कुठली?"

तेवढ्यात नणंदेची नातवंडं अंगणातून पळत गेली. त्यांच्या सदऱ्यांवर, हनुवटीवर, सगळीकडे जांभळे डाग. सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मम्मी, ती फळं माणसं खातात का?"

"पोरं खातात."

"मग झालं तर!"

जुनं पांढरं लुगडं झाडाखाली अंथरून आम्ही फांद्या हलवल्या. टपटप फळं पडली. तुतीला औषध फवारत नाही, फवारलं तर किडेच मरतील, त्यामुळे ती काळजी नव्हती. तुतीचं देठ ओढून निघत नाही, फळच फुटतं. ते कात्रीनं कापावं लागतं. एक एक देठ कापता कापता आमची बोटं अशी रंगली की साबणानं, राखेनं, चिंचेनंही निघेनात. अर्धी फळं साखर घालून हातानं कुस्करली, अर्धी अख्खी ठेवली. म्हशीच्या दुधाचं दही फडक्यात बांधून रात्रभर आढ्याला टांगलं होतं. सकाळी चक्का झाला तो साखर-वेलची घालून घोटला.

बिस्किटं साधीच, चहाबरोबर खातात ती. आधी एका वाटीत करून बघितलं. तिनं बिस्किटं दुधात बुडवून ठेवली आणि त्यांचा लगदा झाला. तो आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच खाऊन टाकला, पुरावा नको म्हणून. दुसऱ्यांदा नुसतं दुधात घालून लगेच काढलं, तेव्हा जमलं. मग दोन मोठ्या भगुण्यांत थर लावले. बिस्किटं, चक्का, तुती. पुन्हा बिस्किटं, चक्का, तुती.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चूल न्हाई, कढई न्हाई. हा सैपाक हाय का बाहुलीचं लग्न?"

त्या वळल्यावर सून माझ्या कानाशी म्हणाली, "वरमाई तर येऊन गेली." मला इतकं हसू आलं की हातातली तुती सांडली.

फ्रीजमध्ये भगुणं मावणार नव्हतं आणि दुपारची लाइट जाते ते वेगळंच. पण रेशमाचं शेड रिकामं होतं. कडक उन्हाळ्यात आम्ही किडे घेत नाही. शेड धुऊन ठेवलेलं असतं आणि खिडक्यांना पोती बांधलेली असतात. पोत्यांवर पाणी मारलं की आत गार होतं. ओल्या वाळूवर भगुणी ठेवून वर ओलं फडकं टाकलं. सून घटकेघटकेला जाऊन बघायची, पाळण्यातलं लेकरू बघावं तशी.

"मम्मी, एकच आहे," ती म्हणाली. "हे ढवळायचं नाही. ढवळलं तर सगळा काला होईल. वाढणाऱ्यांना सांगून ठेवा."

वाढणार होते भाया, म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भायांसमोर बोलत नाही. आताच्या सुना बोलतात, पण मी लग्न झाल्यापासून कधी बोलले नाही. ते ओसरीवर आले की मी आत जाते, चहा पोरांच्या हाती पाठवते. मला ती रीत सोयीचीच पडली. म्हणून मी मालकांना सांगितलं आणि मालकांनी भायांना सांगायचं ठरलं. मालक "व्हय व्हय" म्हणाले आणि मांडव बांधायला गेले. तिथेच ते विसरले.

भायांच्या वाढण्याचं साऱ्या गावात नाव आहे. पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ, हे त्यांना खपत नाही. वरण असो, कढी असो, पळी तळापर्यंत घालून ढवळल्याशिवाय तो माणूस कुणाच्या पानात थेंब टाकत नाही.

पुरुषांची पंगत बसली. वरण-भात झाला, भाजी झाली. भगुणं मांडवात आलं. सून आणि मी माजघराच्या दारामागे उभ्या होतो. भायांनी फडकं काढलं, बाह्या सारल्या, पळी खाली घातली आणि एक वळसा दिला. पांढऱ्यात जांभळं ओघळलं. सुनेनं माझा हात घट्ट धरला. मी मालकांना शोधलं, तर ते पार टोकाला पाणी वाढत होते. आक्का कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"थांबा! ढवळू नका! थर मोडतील!"

आवाज माझा होता हे मला सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा कळलं. मी दाराबाहेर आले होते.

भायांची पळी हवेतच राहिली.

"कोण बोललं?"

"धाकली," कुणीतरी म्हणालं.

"बोलती व्हय ही? मी तर समजलो, माझ्या भावानं मुकी करून आणली!"

पंगत खदखदून हसली. भाया भगुण्याकडे बघतच म्हणाले, "मंग कसं वाढू? आता तोंड उघडलंच हाय तर सांग."

"उलथनं घ्या. सरळ खालपर्यंत घाला आन तसंच वर उचला."

"आन हे मी ढवळलं ते?"

"ते तुमच्या पानात."

कसं निघून गेलं कोण जाणे. हशा असा उठला की गोठ्यातली म्हैस ओरडली. भायाही हसले. उलथनं मागवून त्यांनी पहिला तुकडा उचलला, तो थरांसकट उभा आला. पानावर बसलेले एक म्हातारे त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले, "विहीर खांदली की असंच दिसतं. काळी, पांढरी, मंग मुरूम." आणि मग सगळे खाण्यात गुंतले. थोड्या वेळानं तेच म्हातारे म्हणाले, "मुरूम अजून हाय का रे?"

दुसरं भगुणं बायकांच्या पंगतीला. आक्कांनी आधी बोटाच्या टोकानं चाखलं. मग नीट बसून सगळं खाल्लं. सून वाढत होती, तिचा पदर धरून त्यांनी तिला खाली बसवलं.

"तू का उभी? बस इथं. खा. ते काळं तुतीचंच का?"

"व्हय, आक्का."

"आन बिस्किटं काहून मोडली न्हाईत?"

"दुधात नुसती दाखवून काढली."

आपल्या ताटातली पुरी उचलून आक्कांनी तिच्या ताटात टाकली.

संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या दारी भगुणी घासत होतो. पलीकडून आक्कांचा आवाज येत होता. शेजारणीला सांगत होत्या, "चक्का रातभर टांगायचा. बिस्किट दुधाला नुसतं दाखवायचं, भिजू द्यायचं न्हाई. आन ढवळायचं तर मुळीच न्हाई बाई, कोणी का सांगंना!" जन्मापासून करत आल्यासारख्या. शेजारीण म्हणाली, "तुमाला कोणी शिकवलं?"

सुनेच्या हातातली राख तशीच राहिली.

"आमच्या पोरीनं," आक्का म्हणाल्या. "हिंगोलीची हाय ती."

सुनेनं मान खाली घातली आणि आधीच लखलखीत झालेलं भगुणं पुन्हा घासायला घेतलं.